आग्रह आणि आभार

परदेशगमन हा शब्द निघतांच घरांत प्रायश्चित्ताची चर्चा सुरू व्हावयाची, तो काळ जाऊन पुष्कळ दिवस झाले. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहाचे पेले आले, आणि तेवढ्यावरून ग्रामण्य माजून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि त्याचा जाब द्यावा लागला. समुद्र ओलांडणें तर दूरच, पुण्यांतल्या पुण्यांत पुढें आलेल्या चहाची ही कथा! आज त्याच पुण्याहून आणि आमच्या नाशिक जिल्ह्यांतून दर उन्हाळ्यांत किती तरी आजी-आजोबा मेतकूट, भाजणी व औषधांच्या गोळ्या बांधून घेऊन मुलां-लेकींकडे सातासमुद्रांपलीकडे जातात, दोन-तीन महिने राहून परत येतात, आणि त्यांना कोणीं कांहीं विचारलेंच तर ‘व्हिसाला किती दिवस लागले?’ एवढेंच विचारतात.

परत आलेल्यांचीं वर्णनें मात्र एका सांच्यांतून काढल्यासारखीं असतात. रस्ते आरशासारखे, माणसें शिस्तीचीं, भाजी महाग, आणि शेवटीं, ‘पण आपल्यासारखा जिव्हाळा नाहीं हो तिकडे!’ हें शेवटचें वाक्य आम्हीं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, तें विमानांतच पाठ करून घेतात कीं काय, अशी शंका येते. गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस सपत्नीक जर्मनींतील बॉन या शहरीं कन्येच्या घरीं अडीच महिने राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत रोजच्या व्यवहारांतील जीं लहानसहान अंतरें दिसलीं, त्यांवरून या वाक्याची थोडी झडती घ्यावी, असा या खेपेचा बेत आहे.

तसा परदेशी माणूस इगतपुरीस नवा नाहीं. १८६५ सालीं थळ घाट चढून आगगाडी येथें पोंचली. घाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट. त्यामुळें कसाऱ्यास मागून जादा इंजिनें लावून गाडी वर ढकलावी लागे, आणि त्या इंजिनांबरोबर रेल्वेचे साहेब, ड्रायव्हर, गार्ड अशी वसाहतच येथें झाली. दुसरी लाट आमच्या डोळ्यांदेखतची. १९७६ पासून गांवाशेजारीं धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचीं शिबिरें भरूं लागलीं, आणि पाठीला भलें मोठें गांठोडें बांधलेले युरोपांतील तरुण-तरुणी आमच्या स्टेशनांत उतरूं लागले. दहा दिवस मौन पाळण्याकरितां माणूस इतका प्रवास करून येतो, याचें गांवाला प्रथम मोठें नवल वाटे. आम्हांस त्यांची निराळीच एक गोष्ट लक्षांत राहिली. स्टेशनाबाहेरील चहावाल्यानें पेला पुढें केला कीं ते त्याचे आभार मानीत. चहावाला गोंधळून जाई. पैसे घेतले, चहा दिला. यांत आभाराचें काय आलें? एके दिवशीं त्यानें आम्हांसच विचारलें, “गुरुजी, हे लोक दर वेळीं थँक्यू म्हणतात, मग मी काय म्हणायचं?” आम्हीं इंग्रजी रीतीचें उत्तर त्यास सांगितलें, पण त्यानें तें कधीं वापरलें नाहीं. तो नुसता हंसे आणि पुढच्या खेपेस पेला जरा जास्त भरी.

बॉन हें नांव संस्कृताच्या विद्यार्थ्यास अगदींच परकें नाहीं. १८१८ सालीं स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठांत ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल या पंडितानें संस्कृताचें अध्यापन सुरू केलें, आणि १८२३ त भगवद्गीता देवनागरी टायपांत लॅटिन भाषांतरासह छापून काढली. पुढें त्याच विद्यापीठांत हेर्मान याकोबी होते. १८९३ सालीं ज्योतिषाच्या आधारें वेदांचा काळ फार मागें नेणारे दोन विद्वान एकमेकांवर अवलंबून नसतां जवळजवळ एकाच ठिकाणीं येऊन पोंचले. एक पुण्याचे लोकमान्य, दुसरे बॉनचे हे याकोबी. त्यांचा निष्कर्ष आजचे पंडित मानोत वा न मानोत, राइन नदीच्या कांठीं फिरावयास जातांना आम्हांस या योगायोगाची आठवण होऊन जरा बरें वाटे. घरच्या मंडळींस त्याचें फारसें कांहीं वाटलें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

पहिला घोटाळा संध्येचा. जून महिन्यांत बॉनला सूर्य रात्रीं पावणेदहाच्या सुमारास मावळतो. घड्याळ म्हणतें निजा, आकाश म्हणतें अजून सायंकाळ व्हावयाची आहे. आमच्या मातोश्री इगतपुरीस धाकट्या बंधूंच्याजवळ आहेत, वय अठ्ठ्याऐशीं. रोज दिवेलागणीनंतर साडेसातास त्या फोनवर येत, तेव्हां बॉनला दुपारचे चार वाजलेले असत. “तिन्हीसांजा झाल्या का रे तिकडे?” हा त्यांचा नित्याचा प्रश्न. अजून उन्हें आहेत म्हटलें कीं, “अजून?” असें म्हणून त्या जो दीर्घ श्वास टाकीत, त्यांत त्या देशाविषयींचें सगळें मत येऊन जाई.

दुसरी गोष्ट सोंवळ्याची. वाचक म्हणतील, जर्मनींत सोंवळें कोठून आलें? आम्ही सांगतों, सोंवळें तेथें आमच्यापेक्षां कडक आहे. मात्र तें पाटावर नसून कचऱ्याच्या डब्यांत आहे. कागद एका डब्यांत, वेष्टनें दुसऱ्यांत, भाजीचीं देठें-सालें तिसऱ्यांत, उरलेलें चौथ्यांत. कांचेच्या बाटल्या तर चौकांतील निरनिराळ्या पिंपांत पांढरी, हिरवी, तपकिरी अशा वर्णाश्रमानुसार टाकावयाच्या! आमची सात वर्षांची नात दह्याचा पेला संपला कीं त्यावरील चांदीसारखें झांकण ओढून निराळें करी, आणि मगच दोन्ही टाकी. तिचें तें लक्षपूर्वक वेगळें करणें पाहून आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. खरकट्याचा हात उजळ भांड्यास लागतां कामा नये, म्हणून ती असेंच ओठ घट्ट मिटून काम करीत असे.

रविवारचें सोंवळें याहून मोठें. त्या दिवशीं दुकानें कायद्यानें बंद. १९१९ च्या राज्यघटनेंतील रविवारच्या विश्रांतीचें कलम १९४९ च्या घटनेंत जसेंच्या तसें उचलून ठेवलें आहे. रविवारीं भिंतींत खिळा ठोकावयाचा नाहीं, गवत कापण्याचें यंत्र चालवावयाचें नाहीं, बाटल्यांच्या पिंपांत बाटली टाकावयाची नाहीं, कारण तिचा आवाज होतो. आमच्या येथें सत्यनारायणाच्या पूजेस देखील ध्वनिक्षेपक लावल्यावांचून देव प्रसन्न होत नाहीं, अशी समजूत झालेली. तेव्हां चटणीचें यंत्र फिरविण्यापूर्वीं वार विचारावा लागतो, ही गोष्ट सौभाग्यवतींस विलक्षण वाटली. “म्हणजे यांचा रविवार आपल्या एकादशीसारखाच की! काय चालतं, काय चालत नाही, ते आधी विचारून घ्यायचं,” असें त्या म्हणाल्या, आणि नंतर त्यांना त्याचें ओझें वाटेनासें झालें. ज्यांनीं जन्मभर उपास-तापास केले आहेत, त्यांना दुसऱ्याचे नियम लवकर कळतात.

त्यांच्या शिस्तीविषयीं आपल्याकडे जी ख्याति आहे, ती मात्र आगगाडीच्या बाबतींत जपून घ्यावी. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथें आतां सर्रास उशिरा धांवतात. कोलोन स्टेशनावर पाऊण तास उभें राहून आम्हांस कसाऱ्याची आठवण झाली, आणि खोटें कशाला सांगा, थोडा आनंदहि झाला.

एक दृश्य मनांतून जात नाहीं. तेथें पेयाची बाटली वा डबा घेतांना पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकामी बाटली दुकानांतल्या यंत्रांत टाकली कीं ती परत मिळते. बॉनच्या स्टेशनाजवळ स्वच्छ कोट घातलेला एक वृद्ध गृहस्थ हातांत पिशवी घेऊन कचरापेट्यांत बाटल्या शोधीत असतांना आम्हीं पाहिला. श्रीमंत देशांत हें दिसेल, असें वाटलें नव्हतें. नंतर लक्षांत आलें कीं, पुष्कळ लोक आपली बाटली पेटींत न टाकतां पेटीच्या शेजारीं उभी करून ठेवतात. अशा माणसाला घाणींत हात घालावा लागूं नये, म्हणून. कोणी कोणाशीं बोलत नाहीं, देणारा घेणाऱ्याचें तोंड पाहत नाहीं. आपण पान वाढण्यापूर्वीं काकबलि बाहेर ठेवून आंत येतों, तसेंच हें. आणि जिव्हाळा नाहीं म्हणणाऱ्यांनीं ही बाटली एकदां पाहून ठेवावी.

आतां संबोधनाकडे वळतों, कारण तेथेंच खरी मेख आहे. जर्मन भाषेंत ‘दू’ आणि ‘झी’ अशीं दोन सर्वनामें आहेत. ‘दू’ म्हणजे आपला तू; आपल्या ‘त्वम्’ चाच तो भाऊबंद. ‘झी’ म्हणजे आपण. मौज अशी कीं, संस्कृतांत ‘भवान्’ म्हटलें कीं क्रियापद तृतीय पुरुषीं येतें, तसेंच या ‘झी’ बरोबरहि तृतीय पुरुषच येतो. समोरच्या मनुष्याविषयीं आदर दाखवावयाचा तर तो जणुं समोर नाहींच असें बोलावयाचें, ही युक्ति दोन्ही भाषांस सुचली! परमेश्वराला मात्र ते ‘दू’ म्हणतात, जसें आपण विठोबाला तू म्हणतों. येथवर सगळें सारखें. फरक पुढें आहे. आपल्याकडे कोणास तू व कोणास तुम्ही म्हणावयाचें, तें नातें ठरवितें. आईला तू, वडिलांना तुम्ही, वहिनीला अहो, जन्मतःच ठरलेलें. तेथें तें दोन माणसांनीं मिळून ठरवावयाचें असतें. वीस वर्षें एका जिन्यानें चढउतार करणारे शेजारी एकमेकांस ‘झी’ म्हणत राहतात, आणि एखाद्या दिवशीं त्यांतील वडील माणूस धाकट्याला म्हणतो, ‘आतां आपण एकमेकांस तू म्हणूं या.’ धाकट्यानें आपण होऊन तें सुचविणें शिष्टाचारास धरून नाहीं. आपल्याकडे मैत्री नकळत जडते. तेथें ती तिथि-वार पाहून होते, मुंजीसारखी.

कन्येच्या घरावरच्या मजल्यावर एक विधवा बाई एकट्या राहतात. वय चौऱ्याऐशीं. पाठ ताठ, केस पांढरे शुभ्र, आणि डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत शिरावें तशी जिन्यांत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘गूटन टाग’ म्हणण्याची संवय. (डॉक्टरांकडे ताटकळत बसलेल्या अनोळखी मंडळींना आंत येणारा प्रत्येक जण तेथें अभिवादन करतो, ही चाल आम्हांस फार आवडली.) त्यांनीं एका दुपारीं आम्हां सर्वांस कॉफीसाठीं बोलाविलें. चार वाजतां म्हणजे चार वाजतां. मेजावर पांढरें वस्त्र, मध्यें आलुबुखाराचा केक. तो घरीं केलेला असून त्यांत अंडें नाहीं, असें त्यांनीं बसण्यापूर्वींच मुलीकडून आम्हांस कळविलें. म्हणजे आधीं चौकशी करून मग बेत केला होता. मग त्यांनीं तबक सौभाग्यवतींपुढें धरलें. सौभाग्यवतींनीं आपल्या रीतीप्रमाणें किंचित् हंसून, मान हलवून, त्या भाषेंतला जो एकुलता एक शब्द त्यांना येत होता तो उच्चारला: “डांके.”

डांके म्हणजे आभारी आहें. परंतु कोणी कांहीं पुढें केलें असतां नुसतें ‘डांके’ म्हटलें, तर त्या देशांत त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. तबक नम्रपणें पुढें सरकलें. पुन्हां आलें नाहीं. आम्ही इतर सर्व मंडळी केक खात असतां त्या तासभर काळ्या कॉफीबरोबर बसून राहिल्या, आणि यजमानीणबाईंस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. पाहुणीनें नको म्हटलें, तिच्या शब्दाला मान दिला. खालीं आल्यावर कन्येनें उलगडा केला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अगं, पहिल्यांदा कोणी हो म्हणतं का?”

या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ विचार केला. आपल्याकडे ‘नको’ हा नकार नसून संवादाचा आरंभ असतो. पाहुण्यानें दोनदां नको म्हणावें, यजमानानें तीनदां म्हणावें घ्याच, आणि मग पानांत पडलें तर त्यांत पाहुण्याचा हांवरेपणा नाहीं व यजमानाचा कृपणपणाहि नाहीं. फार शहाणी रीत आहे. तिच्यांत मागणाऱ्याची लाज झांकते. पण ती दोघांनाहि ठाऊक असली तर! आणि तिची दुसरी बाजूहि आहे. मधुमेह झालेल्या व्याह्यांच्या पानांत चौथी जिलबी पडतांना आणि त्यांचें ‘नको’ कोणीहि खरें न मानतांना आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तेथें नको म्हणजे नको, हो म्हणजे हो. उपाहारगृहांत वाढपी येऊन ‘एकत्र कीं वेगळें?’ असें विचारतो आणि चार मित्र आपापले पैसे मोजून देतात. आपल्याकडे पैसे देण्यावरून गल्ल्यापाशीं जी झटापट होते, ती पाहून त्यांना भांडण जुंपलें असें वाटत असेल.

पण हा ‘डांके’ घरांत शिरला तेव्हां गोष्ट निराळी झाली. नातीला रात्रीं तहान लागली. सौभाग्यवतींनीं उठून पाण्याचा पेला दिला. पोरगी अर्धवट झोंपेंत पाणी प्यायली आणि म्हणाली, “डांके, आजी.” दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं पाहिलें, तों सौभाग्यवती खिडकीशीं गप्प उभ्या. कन्येनें विचारल्यावर म्हणाल्या, “मी काय परकी आहे? आजीचे का कोणी आभार मानतं?” कन्या म्हणाली, “आई, ती मलाही म्हणते. इथं न म्हणणाऱ्या मुलीला उद्धट समजतात.” “तुला म्हणते? आईला?” सौभाग्यवतींना तें अधिकच लागलें. कन्या थोडा वेळ थांबली. मग अगदीं हळू म्हणाली, “पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मलाही कसंसंच झालं होतं. मग मनात आलं, मी तुला कधीच म्हटलं नाही.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. चहा उकळून वर आला होता, तो उतरविण्यांत सगळ्या गुंतल्या.

आम्ही पडलों भाषेचे मास्तर. त्यामुळें आमचें समाधान कोशांत. मराठींत ‘आभार’ मानतात, त्यांत ‘भार’ आहे. दुसऱ्यानें केलेल्या उपकाराचें ओझें. आप्तांमध्यें ओझें कसलें, म्हणून आपण घरांत तो शब्द वापरीत नाहीं. जर्मन ‘डांके’ ची व्युत्पत्ति निराळी. विचार करणें या अर्थाचा त्यांचा जो धातु, त्याचाच तो सोयरा. म्हणजे ‘तूं केलेलें माझ्या मनांत राहिलें’. आपल्या संस्कृतांतील ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थहि हाच, केलेलें जाणणारा. तेव्हां मुलीनें आजीवर ओझें टाकलें नव्हतें; तुझें पाणी मला कळलें, एवढेंच सांगितलें होतें. हें व्याकरण आम्हीं सौभाग्यवतींस समजावून सांगितलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, “ते खरं असेल. पण पोरीला ते व्याकरण माहीत नाही, आणि मला पटत नाही.”

डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां रोझेल गांवीं ज्या कार्पेंटरबाईंच्या घरीं त्या प्रथम उतरल्या, त्यांना त्या ‘मावशी’ म्हणत. अठरा वर्षांची मुलगी, भाषा परकी, जेवण परकें, थंडी अशी कीं नेसूंचें लुगडें पुरेना. तिनें काय केलें, तर समोरच्या बाईला आपल्या भाषेंतलें एक नातें देऊन टाकलें. त्या बाईंनींहि तें शेवटपर्यंत पाळलें. आनंदीबाईंचें १८८७ त पुण्यास देहावसान झाल्यावर त्यांच्या अस्थि अमेरिकेस गेल्या, आणि त्या कार्पेंटर मंडळींच्याच स्मशानभूमींत आहेत.

आमच्या घरीं जें घडलें, तें इतकें मोठें नाहीं. परत येण्याच्या आदल्या दिवशीं वरच्या मजल्यावरील बाई निरोप घ्यावयास खालीं आल्या, आणि त्यांनीं सौभाग्यवतींचा हात हातांत घेऊन विधिपूर्वक सांगितलें कीं, यापुढें तुम्ही मला ‘दू’ म्हणा व माझ्या पहिल्या नांवानें हांक मारा. हा मान केवढा, तें कन्येनें समजावून दिलें. सौभाग्यवती संकटांत पडल्या. आईच्या वयाच्या बाईला एकेरी नांवानें हांक कशी मारावी? त्यांनीं कन्येस सांगितलें, “त्यांना म्हणावं, नांव नाही घेणार, मी मावशी म्हणेन.” आणि प्रत्यक्ष हांक मारूनच दाखविली, “मावशी!”

बाई चमकल्या, मग हंसूं लागल्या, आणि हंसतां हंसतां त्यांचे डोळे भरून आले. आम्हांस कांहींच कळेना. ‘माउझी’ म्हणजे त्यांच्या भाषेंत उंदराचें पिल्लूं. नवरा बायकोला लाडानें अशी हांक मारतो. यजमान जाऊन अकरा वर्षें झालीं, आणि त्या दिवसापासून आपल्याला ह्या नांवानें कोणीं हांक मारली नव्हती, असें त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींनीं तें भाषांतर ऐकलें आणि पुन्हां म्हणाल्या, “मावशी.”

या बाईंच्या गळ्यांत एक लहानसें बटण असतें. पडल्या, घाबरल्या, तर तें दाबावयाचें. म्हणजे मदत करणारे लोक किल्लीनें दार उघडून आंत येतात. दुपारचें गरम जेवण डब्यांत घरपोंच येतें. मुलगा हांबुर्गला असतो, रविवारीं फोन करतो, नाताळांत येतो. आपल्याकडची बाई हें ऐकून ‘अरेरे’ म्हणेल. आम्हींहि मनांत म्हटलें. पण मग आम्हांस आमच्या मातोश्रींची खोली आठवली. त्यांच्या भोंवतीं नऊ माणसें आहेत. त्या एकट्या कधींच नसतात. त्यांच्या खोलींत दार न वाजवितां सगळे येतात, त्यांच्या समोरचा दूरदर्शनसंच त्यांना न विचारतां लावला जातो, न विचारतां बंद होतो, आणि त्यांना काय खावेंसें वाटतें हें त्यांच्याविषयीं प्रेम असणारीं चार माणसें आपसांत ठरवितात. वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे घंटा वाजविल्यावांचून कोणी जात नाहीं. घंटा फार वेळां वाजत नाहीं, हेंहि खरें.

आणि एकत्र कुटुंबाचा अभिमान सांगतांना आपण एक कायदा विसरतों. आईबापांस पोटाला घालण्याचें काम मुलांकडून करून घेण्याकरितां २००७ सालीं या देशांत ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा करावा लागला. त्यांत न्यायाधिकरणानें महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी देवविण्याची तरतूद आहे. जर्मनींत उलट, मुलाचें वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंहून अधिक असेल तरच वृद्ध आईबापांच्या देखभालीचा खर्च त्याच्याकडे मागावयाचा, असा नियम २०२० पासून आहे; एरव्हीं भार समाजानें उचलावयाचा. ज्यांनीं आईला देव मानलें, त्यांना कायदा लागला, आणि ज्यांना आपण कोरडे म्हणतों, त्यांनीं मुलांना मोकळें करून म्हातारीच्या गळ्यांत बटण बांधलें. यांतील कोणतें बरें, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. कन्या मात्र एके रात्रीं विचारती झाली, “बाबा, तुम्ही दोघं म्हातारे झालात की कुठं राहाल?” आम्हीं सांगितलें, इगतपुरीस. तिनें पुढें विचारलें, “आणि मी?” तिच्या म्हातारपणाविषयीं ती विचारीत होती. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं अजून दिलेलें नाहीं.

आषाढांत परत आलों. कसारा सुटल्यावर धुकें आणि पाऊस. घाटांतले धबधबे गाडीच्या खिडकीशीं आलेले. घरीं आल्यावर भावजयींनीं चहा पुढें केला, आणि सौभाग्यवतींच्या तोंडून संवयीनें ‘डांके’ निघून गेलें. त्याचा अर्थ सांगतांच भावजयी म्हणाल्या, “इतकं परकं नका हो करू, वहिनी!” मातोश्री पलंगावरून ऐकत होत्या. त्यांनीं तो शब्द दोनदां म्हणवून घेतला, त्याचे दोन्ही अर्थ विचारून घेतले, आणि त्यांना तो फार आवडला. आतां पाण्याचा तांब्या दिला कीं त्या ‘डांके’ म्हणतात, पांघरूण घातलें कीं ‘डांके’ म्हणतात. आमचे बंधु, ज्यांना सत्तर वर्षांच्या आसपास आईनें कांहीं म्हणण्याची संवय नाहीं, ते पहिल्या दिवशीं तांब्या हातांत धरून तसेच उभे राहिले. जेवतांना दुसरा फुलका पुढें केला तरी मातोश्री ‘डांके’ च म्हणतात. तेव्हां त्यांना हवा आहे कीं नको, हें कोणाला कळत नाहीं, आणि भावजयी तो वाढूनच टाकतात.